अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये कॉन्फरन्सबाहेरचे प्रतिस्पर्धी कोण निवडतं, आणि नीट निवडायचे तर कसे?

तुमचा प्रश्न असा: मुलगा २०२५ च्या ऑगस्टमध्ये ओहायो स्टेटला गेला. त्यांच्या टीमने पहिल्या शनिवारी टेक्सासला कसंबसं १४-७ ने हरवलं आणि पुढच्याच शनिवारी ग्रॅम्बलिंग स्टेटला ७०-० ने. इतके विजोड प्रतिस्पर्धी ठरवतं कोण, आणि ठरवताना बघतात काय? मी बरीच वर्षं ओहायो स्टेटच्याच गावात, कोलंबसमध्ये, राहतो आणि हा खेळ मनापासून बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नियमित सीझन १२ सामन्यांचा असतो. ओहायो स्टेट ज्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या गटात, आहे, तिथे त्यातले ९ सामने कॉन्फरन्सच आखून देते. उरतात ३. तेवढ्याच जागा विद्यापीठाच्या हातात. ऍथलेटिक डायरेक्टरचं, म्हणजे खेळविभागाच्या प्रमुखाचं, ऑफिस समोरच्या विद्यापीठाशी थेट करार करतं. हेड कोचला विचारतात, पण मोठ्या टीमबरोबरचे करार इतके आधी होतात की सामन्याची वेळ येईपर्यंत कोच बदललेला असू शकतो, आणि मैदानात उतरणारी पोरं करार झाला तेव्हा शाळेत असतात. त्यामुळे 'ही टीम अमुक वर्षी कमकुवत असेल' हा हिशेब मांडून मोठा प्रतिस्पर्धी निवडण्यात काही अर्थ नसतो. निवडायचं ते विद्यापीठ, त्या वर्षीची टीम नव्हे.

सगळ्यात आधी मोजतात ते घरचे सामने. कोलंबसच्या स्टेडियममध्ये १,०२,७८० लोक बसतात. घरचा एक सामना म्हणजे तिकिटं, पार्किंग, खाणंपिणं, आणि शहरातल्या हॉटेलांची चांदी. म्हणून वर्षाला घरचे ७ सामने हवेतच, असं धोरण असतं. २०२५ मध्ये बिग टेनने ओहायो स्टेटला ४ सामने घरी आणि ५ बाहेर दिले होते. साहजिकच उरलेले तिन्ही घरी खेळावे लागले: टेक्सास, ग्रॅम्बलिंग आणि ओहायो युनिव्हर्सिटी. २०२६ मध्ये कॉन्फरन्सचे ५ घरी आहेत, म्हणून टेक्सासच्या परतफेडीला त्यांच्या घरी, ऑस्टिनला, जाणं परवडतं. एक वर्ष तुमच्याकडे, एक आमच्याकडे, अशा या जोडकराराला 'होम अँड होम' म्हणतात, आणि कोणतं वर्ष कोणाकडे हे असं घरच्या सामन्यांच्या गणितावर ठरतं.

लहान विद्यापीठांशी असा परतीचा करार नसतो. त्यांना ठरलेली रक्कम देऊन बोलावतात, याला 'बाय गेम' म्हणतात. पाहुण्या टीमला हरले तरी पैसे मिळतात, आणि त्यातून त्यांच्या खेळविभागाचा वर्षाचा मोठा खर्च निघतो. जत्रेतल्या कुस्त्यांमध्ये जोड लावताना पंच वजन आणि तयारी बघतात. इथे मात्र एकाची गरज पैशाची आणि दुसऱ्याची घरच्या सामन्याची, म्हणून जोड लागते.

पैसे देऊन बोलावलेला पाहुणा नेहमी हरून जातो असंही नाही. १ सप्टेंबर २००७ ला क्रमवारीत पाचव्या असलेल्या मिशिगनने ॲपलेचियन स्टेटला ४ लाख डॉलर देऊन आपल्या घरी, ॲन आर्बरला, बोलावलं. शेवटच्या क्षणी मिशिगनला फक्त एक फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारणं, ३ गुण) मारायचा होता, तोही पाहुण्यांनी अडवला आणि ३४-३२ ने जिंकले. खरं तर त्यात नवल वाटण्यासारखं फार नव्हतं, कारण ॲपलेचियन स्टेट २००५ आणि २००६ ची, मोठ्या टीमच्या विभागापेक्षा एक पायरी खालच्या विभागाची विजेती टीम होती. ज्याने बोलावलं त्याने विभाग बघितला, टीम बघितली नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न इलिनॉयने १४ लाख डॉलर घेतले आणि नोत्र दामला त्यांच्याच घरी १६-१४ ने हरवलं. बाय गेमचे करार त्या मानाने उशिरा होतात, तेव्हा गेल्या दोन सीझनमधली समोरच्याची कामगिरी बघणं सहज शक्य असतं.

शैलीही बघावी लागते. आर्मी आणि नेव्ही, म्हणजे लष्कर आणि नौदलाच्या अकादमींच्या टीम, चेंडू जवळजवळ सगळा हातात घेऊन पळवूनच खेळतात. पासिंग, म्हणजे चेंडू पुढे फेकणं, फार कमी, आणि एकेक चाल मिनिटामिनिटांनी घड्याळ खात जाते. वर्षभर पासिंगच्या टीमशी खेळणाऱ्या बचावफळीला त्याची वेगळी तयारी एका आठवड्यात करावी लागते, आणि ती पुढे कुठेच उपयोगी पडत नाही. २०१८ मध्ये आर्मीने ओक्लाहोमाला त्यांच्या घरी ओव्हरटाइमपर्यंत नेलं, २०१९ मध्ये मिशिगनला दोन ओव्हरटाइमपर्यंत. दोन्ही मोठ्या टीम जिंकल्या, पण जीव टांगणीला लागला. नोत्र दाम मात्र १९२७ पासून जवळजवळ दरवर्षी नेव्हीशी खेळतं, आणि ते कायम ठेवलंय, कारण दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या प्रशिक्षणकेंद्राने ते विद्यापीठ आर्थिक अडचणीतून तारलं होतं. असे करार हिशेबात बसवायचे नसतात आणि ते मला फार आवडतात.

ज्याचा मला खरोखर राग येतो ती गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना स्टेट या छोट्या, पैशाने गांजलेल्या विद्यापीठाने लागोपाठ दोन शनिवार दोन बलाढ्य टीमशी खेळायचं मान्य केलं. ओक्लाहोमा स्टेटकडून ८४-० हार. मग फ्लोरिडा स्टेटकडून ५५-०, तेही वादळामुळे सामना आटोपता घेतला म्हणून तेवढ्यावर थांबलं. दोन्हींचे मिळून ८ लाख ६० हजार डॉलर मिळाले. दर झटापटीला समोरचा लाइनमन (पुढच्या फळीत अंगावर येणारा खेळाडू) तुमच्यापेक्षा भरपूर वजनदार, आणि असं चार क्वार्टर चालतं. ही विशीतली पोरं असतात, त्यांना उरलेला सीझन खेळायचा असतो. बोलावणाऱ्याने इतपत तरी बघावं की समोरचा संघ शाबूत घरी जाईल. सव्हाना स्टेट २०१९ मध्ये आणखी खालच्या विभागात, डिव्हिजन टू मध्ये गेली, आणि ते योग्यच झालं.

ग्रॅम्बलिंगला मात्र मी त्या रांगेत बसवणार नाही. लुइझियानातलं हे ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठ. एडी रॉबिन्सन यांनी तिथे १९४१ पासून १९९७ पर्यंत कोच म्हणून ४०८ सामने जिंकून दिले. त्यांचा बँड देशभर नावाजलेला आहे. अशा टीमला एक लाख लोकांसमोर आणणं चांगलंच. पण ७०-० हा सामना म्हणून कुणाच्याच कामाचा नव्हता. त्याच महिन्यातला ओहायो युनिव्हर्सिटीचा सामना बघा: त्यांचं गाव अथेन्स इथून गाडीने दीड तासावर, तिसऱ्या क्वार्टरमध्ये स्कोअर १३-९, शेवटी ३७-९. बचावफळीला धावपळ करावी लागली, पाहुण्यांचे पालक मोठ्या संख्येने आले, आणि पैसे राज्यातच राहिले.

आता टेक्साससारख्या तगड्या टीमशी खेळावं का, हा खरा वादाचा मुद्दा. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या १२ टीमच्या प्लेऑफमध्ये कोण जाणार यातला मोठा भाग निवड समिती ठरवते. २०१४ मध्ये प्लेऑफ ४ टीमचा होता, तेव्हा बेलर ११-१ (११ विजय, १ हार) असूनही बाहेर राहिली. कॉन्फरन्सबाहेर ती एसएमयू, नॉर्थवेस्टर्न स्टेट आणि बफलो यांच्याशी खेळली होती आणि तेच अंगाशी आलं, असं तेव्हा सगळे म्हणत होते. २०२५ मध्ये उलट घडलं. टेक्सास ९-३ वर बाहेर, आणि त्या तीन पराभवांतला एक इथे कोलंबसमध्ये. तो सामना एखाद्या लिंबूटिंबू टीमशी ठेवला असता तर १०-२ झाले असते, हे त्यांच्या कोचने बोलूनही दाखवलं. शिवाय इंडियाना ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट आणि इंडियाना स्टेट अशा तिघांना हरवून निघाली आणि थेट राष्ट्रीय विजेती झाली. हे बघून बरेच ऍथलेटिक डायरेक्टर मोठे करार मोडायच्या विचारात आहेत.

मला तो विचार पटत नाही. २०२५ च्या ३१ ऑगस्टला मायामीने नोत्र दामला २७-२४ ने हरवलं. डिसेंबरमध्ये दोघीही १०-२, आणि समितीच्या हातातली प्लेऑफची शेवटची जागा मायामीला मिळाली ती त्या तीन गुणांच्या विजयावर. तिथून ती अंतिम सामन्यापर्यंत पोचली. इंडियानाची गोष्टही नीट बघा. ती बिग टेनमधले आपले सगळे सामने जिंकून गेली, म्हणून आधीचे सोपे सामने कुणी मोजले नाहीत. कॉन्फरन्समध्ये एकदोन सामने हरण्याची शक्यता असेल, आणि बहुतेक टीमच्या बाबतीत ती असतेच, तर बाहेरचा एक मोठा विजय गाठीशी हवा. आणि टीमला स्वतःची ओळख पटते ती अशाच सामन्यात. टेक्सास गोलरेषेपासून एका यार्डावर, चौथा डाउन म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि ओहायो स्टेटच्या बचावाने त्यांना तिथेच रोखलं. ग्रॅम्बलिंगविरुद्ध ती वेळ आलीच नसती.

टीम नव्याने उभी राहत असेल तर गोष्ट निराळी. कॅन्सस स्टेटमध्ये बिल स्नायडर १९८९ मध्ये आले तेव्हा ती टीम दोनअडीच वर्षं एकही सामना जिंकलेली नव्हती. त्यांनी पुढची कित्येक वर्षं कॉन्फरन्सबाहेर जाणूनबुजून सोपे प्रतिस्पर्धी घेतले, पोरांना जिंकायची सवय लावली, आणि १९९८ मध्ये तीच टीम नियमित सीझन ११-० ने संपवून गेली. हरणाऱ्या टीमला टेक्साससमोर उभं करून काही मिळत नाही.

माझ्या हातात असतं तर ओहायो स्टेटसाठी मी तीन जागा अशा भरल्या असत्या: एक मोठी टीम, होम अँड होमने. एक राज्यातलं विद्यापीठ, टोलिडो, ॲक्रन, ओहायो यांपैकी आलटून पालटून. आणि तिसरी त्यांच्याच तोलाची, शेजारच्या राज्यातली. फक्त मोठा सामना पहिल्या शनिवारी ठेवला नसता. २०२५ मध्ये ज्युलियन सेयिन हा नवा क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) कारकिर्दीतला पहिलाच सामना टेक्सासविरुद्ध सुरू करत होता, म्हणून कोचने हात राखून खेळवलं. २०२६ मध्ये आधी घरी बॉल स्टेट आणि मग १२ सप्टेंबरला ऑस्टिन आहे. तो क्रम मला जास्त बरा वाटतो.