200 मीटरला फ्रीस्टाइल की बटरफ्लाय?

प्रश्न: माझी मुलगी 13 वर्षांची आहे. 100 मीटर बटरफ्लाय मस्त मारते पण 200 ला शेवटच्या 50 मध्ये अगदी जागच्या जागी हात मारतेय असं वाटतं. 200 फ्रीस्टाइलला असं होत नाही. कोच म्हणतात फ्लाय सोडू नका, आम्हाला वाटतं फ्रीस्टाइलच धरावी. मिडल डिस्टन्सला नक्की काय बरं? ताकद वाढवली तर फरक पडेल का?

उत्तर: ताकदीचं आधी बाजूला ठेवूया, कारण 100 चांगलं मारते म्हणजे ताकद आहेच. फ्रीस्टाइलमध्ये एक हात पुढे येत असतो तेव्हा दुसरा पाणी ओढत असतो, त्यामुळे वेग फारसा पडत नाही. फ्लायमध्ये दोन्ही हात एकदमच पाण्याबाहेर, तेवढ्या वेळात पुढे नेणारी फक्त किक, म्हणजे प्रत्येक स्ट्रोकला वेग वर-खाली वर-खाली, आणि पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गात वाढतो त्यामुळे अ‍ॅव्हरेज तेवढाच ठेवायचा तरी या चढउताराला जास्त दम जातो.

आणि खरी गोम पुढेच आहे. फ्रीस्टाइलमध्ये दमलं की किक कमी करता येते, दोन हातांमागे सहाच्या जागी दोन मारल्या तरी रेस चालू राहते. फ्लायमध्ये ही सोय नाही, स्ट्रोकला दोन किक हव्यातच आणि हात पाण्यावरूनच आणायचे. दमून कंबर खाली गेली की हात पाण्यात अडकतात, मग श्वासासाठी डोकं जास्त वर काढावं लागतं, त्याने कंबर अजून खाली. तुमच्या मुलीचं शेवटच्या 50 ला बहुतेक हेच होतंय.

टॉपच्या स्विमर्सचे टायमिंग बघा. 100 ला पान झानलेचं फ्रीस्टाइल 46.40 (2024) आणि ड्रेसेलचा फ्लाय 49.45 (2021), फरक तीन सेकंदांचा. 200 फ्रीस्टाइलला बिडरमानचे 1:42.00 आहेत पण ते 2009 चे, पॉलियुरेथेन सूटमधले (अंग तरंगतं ठेवून वेग वाढवणारे सूट, 2010 पासून बंद झाले), म्हणून मी पोपोविचीचे 2022 चे 1:42.97 धरतो. त्याच वर्षी मिलाकने 200 फ्लाय 1:50.34 मध्ये मारला. फरक सात सेकंदांच्या वर गेला ना, अंतर दुप्पट आणि फरक दुपटीहून जास्त, तेही जगातल्या सगळ्यात भारी लोकांचा.

म्हणून फ्लाय सोडायचा का? माझ्या मते अजिबात नाही. स्पिट्झने 1972 ला म्युनिकमध्ये आणि फेल्प्सने 2008 ला बीजिंगमध्ये दोन्ही 200 ची गोल्ड घेतली. सूझी ओ'नीलचं तर बघा, नाव फ्लायसाठी, पण 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकला गोल्ड मिळालं 200 फ्रीस्टाइलचं आणि फ्लायला सिल्व्हर! दम फ्रीस्टाइलच्या भरपूर मीटर्सनी वाढवायचा, फ्लाय कमी अंतराचे तुकडे पाडून पण नीट मारायचा. कंबर पडल्यावरही लांब लांब फ्लाय मारत राहिलं तर तीच सवय लागते आणि खांदे दुखतात ते वेगळंच, तिथे सेट थांबवलेला बरा. रेसमध्ये पहिले 50 तिच्या 100 च्या स्पीडने जातात का ते स्प्लिट (दर 50 चं वेगळं टायमिंग) लिहून बघा, मला तरी तिथेच शंका आहे. 200 ला सुरुवातीपासून प्रत्येक स्ट्रोकला श्वास घेतला तरी चालतो, फेल्प्सही तसाच घ्यायचा.

एक मात्र आहे, ऑलिम्पिकला फ्लाय 200 लाच संपतो. तिला 800, 1500 आवडायला लागलं तर फ्रीस्टाइलशिवाय पर्यायच नाही, पण ते 13 व्या वर्षी ठरवायची घाई कशाला, कोचचं ऐका.

प्रश्न: फ्रीस्टाइलच्या रेसमध्ये कोणी बटरफ्लाय मारला तर डिसक्वालिफाय करतात का?

उत्तर: नाही करत. फ्रीस्टाइल इव्हेंटला कुठलाही स्ट्रोक चालतो, हळू पडतो म्हणून कोणी फ्लाय मारत नाही एवढंच. मेडलीत (चारही स्ट्रोक एकाच रेसमध्ये असतात ती) मात्र फ्रीस्टाइलच्या भागात फ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक तिन्ही चालत नाहीत, तिथे मारलात तर बाद.