गळा धरला असेल तर ‘वर्षातून दोनदाच’ हा हिशोब सोडा

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा वर्षातून दोनदाच हात उचलतो, या वेळी ‘फक्त गळा धरला’, वळसुद्धा उमटला नाही, मग एवढ्यावरून तक्रार करावी का. आमच्याकडेही असंच मोजलं जायचं. सासूबाई म्हणायच्या, हाड तर नाही ना मोडलं. म्हणून बाकीचं सोडून एवढंच लिहिते. मी वकील नाही, डॉक्टरही नाही.

किती वेळा मारलं यावरून धोका कळत नाही. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की जोडीदाराने आधी गळा आवळला असेल, तर पुढे बाईचा खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त असते. वळ तर पुष्कळदा उमटतच नाही. आवाज बसला, गिळताना दुखतंय, डोळ्यांत लाल ठिपके आलेत, तर आजच दवाखाना गाठा. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर त्रास काही दिवसांनीही सुरू होतो. डॉक्टरांना ‘पडले’ सांगू नका. झालं ते सांगून एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टात चालणारी वैद्यकीय नोंद, करायला लावा. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात आणि पालिकेच्या आणखी काही रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्र आहे, तिथे याच कामासाठी माणसं बसतात.

मला सगळ्यात महाग पडलं ते पोलीस ठाणं. मी सांगितलं, दोन्ही हातांनी गळा दाबला, डोळ्यांपुढे अंधारी आली. साहेबांनी एनसीत, म्हणजे अदखलपात्र तक्रारीत, उतरवलं, ‘किरकोळ कारणावरून शिवीगाळ व धक्काबुक्की’. वर म्हणाले, घरचा मामला आहे, आम्ही समज देतो. समज दिली आणि त्याच रात्री मला त्याच घरी पाठवलं. एनसीवर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही, त्यामुळे कागद नुसता पडून राहिला. बाहेर आला तो कोर्टात, समोरच्या वकिलाच्या हातात: यात गळ्याचा शब्द तरी आहे का? आजही आठवलं की अंगाची आग होते. एका बाईचा जीव जाता जाता राहिला होता, आणि लिहिणाऱ्याला ती धक्काबुक्की वाटली.

म्हणून तक्रार घरूनच लिहून न्या. कसं धरलं, किती वेळ, काय बोलला, श्वास अडकला का, सगळं तुमच्या शब्दांत. प्रतीवर पोचशिक्का घ्या. घेत नसतील तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना टपालाने पाठवा. वाचल्याशिवाय सही नाही.

एटीएम कार्ड तो ठेवतो म्हणालात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तीही हिंसाच आहे. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तुम्हाला सहज बाहेर काढता येत नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथे बायकांना उत्पन्नाची अट नाही.

दोघांना समोरासमोर बसवून ‘समेट’ करणाऱ्यांकडे निदान आत्ता तरी जाऊ नका. माझं मत कडक वाटेल, पण जो गळ्यापर्यंत पोचलाय त्याच्यासमोर बाई खरं बोलूच शकत नाही. आणि निघायचं ठरलं तर त्याला आधी सांगू नका, सोडून जातानाच धोका सर्वांत वाढतो. फोनचं लोकेशन त्याच्याकडे जातंय का पाहा, कागदांचे फोटो माहेरच्या कुणाकडे ठेवा. रात्री-अपरात्री काही झालं तर ११२, एरवी बोलायला १८१ ही महिला हेल्पलाइन.