एसएमपीएस शेवटी निवडू नका : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की संगणक जुळवून घेणाऱ्यांचे प्रश्न वाढतात, आणि सातारा असो वा सांगली, बहुतेक पत्रांचा शेवट एकाच वाक्याने होतो : ‘बाकी सगळे ठरले आहे, आता उरलेल्या पैशांत बसेल असा एसएमपीएस सुचवा.’ एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज संगणकाच्या सर्व भागांना पुरवणारा डबा. तो शेवटी, उरलेल्या पैशांत घ्यायचा, हाच या वाक्यातला घोळ आहे. म्हणून या वेळी निवडक प्रश्नांना एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. ऑटोकॅडसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते, असे दुकानदार म्हणतो. खरे आहे का? (पालक, कराड)

पहिल्या वर्षासाठी तरी खरे नाही. द्विमितीय आराखड्यांना वेगवान प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी पुरते, आणि प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असले की स्वतंत्र कार्डावाचून काम अडत नाही. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असते, उदाहरणार्थ १२४००एफ, त्यात हे ग्राफिक्स नसते. चार पैसे वाचतात म्हणून तो घेतला आणि कार्ड घेतले नाही, तर पडद्यावर काहीही दिसणार नाही. त्रिमितीय काम आणि रेंडरिंग सुरू झाल्यावर कार्ड घालता यावे, एवढ्यासाठी एसएमपीएस आजच नीट घ्यावा. कोणत्या वर्षाला कोणते सॉफ्टवेअर शिकवतात, हे तिच्या विभागातील शिक्षकांना विचारूनच यादी पक्की करावी.

प्रश्न : ८५० वॅटचा एसएमपीएस बसवला तर वीजबिल जास्त येईल का? (वाचक, फलटण)

नाही, संगणकाला लागते त्या मानानेच वीज ओढली जाते.

प्रश्न : आय५-१२४००एफ प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेतले आहे. कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा एसएमपीएस मोफत मिळाला. दुकानदार म्हणतो, आरामात चालेल. सध्या हाच वापरून दिवाळीत बदलला तर? (वाचक, विटा)

चालणार नाही, आणि दिवाळीपर्यंत थांबूही नये. ‘कॅबिनेटसोबत मोफत’ या शब्दांनी आपल्याकडे जितके मदरबोर्ड मारले आहेत, तितके विजांनीही मारले नसावेत, असे मला वाटते.

एसएमपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा वाचू नका. त्याच्या अंगावरच्या लेबलवर लहान अक्षरांत एक तक्ता असतो, त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपिअर लिहिलेले असतात. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही मोठी गिऱ्हाइके मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे १२ ला त्या रकान्यातील अँपिअरने गुणावे. जो आकडा येईल तीच तुमच्या उपयोगाची ताकद. कॅबिनेटसोबत येणाऱ्या ‘५०० वॅट’च्या लेबलवर १२ व्होल्टखाली १६ अँपिअर लिहिलेले आढळले, तर हिशेब १९२ वॅटवर संपतो. उरलेले तीनशे वॅट कुठे गेले, हे दुकानदाराला विचारावे. ते जुन्या पद्धतीच्या ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत वाटलेले असतात, किंवा क्षणभराच्या कमाल ताकदीलाच कायमची ताकद म्हणून छापलेले असते.

आता तुमची गरज पाहू. १२४००एफ जोर लावतो तेव्हा ११७ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात, आणि मदरबोर्ड, रॅम, पंखे व ड्राइव्ह यांचे पन्नासेक धरले तर बेरीज ३४० च्या आसपास जाते. शिवाय ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांपुरते सरासरीहून बरेच अधिक ओढते. याच कारणाने कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडिया कंपनी या कार्डासाठी किमान ५५० वॅटचा पुरवठा सुचवते. त्या मोफत डब्यात बहुधा ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची वायरही नसेल, मग दुकानदार मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरला जोडायचा कन्व्हर्टर काढून देईल. तो नाकारावा, ८ पिनांच्या जोडणीतून १५० वॅटपर्यंत वीज जायची असते, आणि स्वस्त कन्व्हर्टरच्या बारीक तारा त्यासाठी केलेल्या नसतात.

वाचक लगेच विचारतात, ‘मग ८० प्लसचा छाप पाहून घेतला की झाले ना?’ झाले नाही. हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे आहे, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज भागांपर्यंत पोहोचते आणि किती उष्णतेत वाया जाते, एवढेच ते सांगते. त्यातल्या ब्राँझ दर्जापेक्षा गोल्ड दर्जा अधिक कार्यक्षम, हे बरोबर. पण मोटारसायकल लिटरला किती जाते हे ठाऊक असले म्हणून तिचे ब्रेक लागतात की नाही हे कळत नाही, तसेच हे आहे. शॉर्ट सर्किट, जादा व्होल्टेज, जादा करंट आणि जादा तापमान यांपासूनची संरक्षणे आत खरोखर आहेत का, हे त्या छापावरून समजत नाही. अडचण अशी की स्वस्त एसएमपीएस जाताना एकटा जात नाही. संरक्षण नसेल तर तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही बरोबर नेतो, आणि हार्ड डिस्कमधले लग्नाचे फोटो कोणत्याही वॉरंटीत परत मिळत नाहीत.

तुम्ही ५५० ते ६५० वॅटचा, १२ व्होल्टच्या एका रकान्यातच ४५ अँपिअर किंवा अधिक देणारा, किमान पाच वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस पक्क्या बिलावर घ्यावा, बिलात अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि पैसे देण्याआधी लेबलचा फोटो विक्रीशी संबंध नसलेल्या एखाद्या तंत्रज्ञाला दाखवावा. तोवर कार्ड खोक्यातच राहू द्यावे.

प्रश्न : घरात इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की संगणक बंद पडतो. एसएमपीएस खराब आहे का? आमच्याकडे व्होल्टेजही फार खालीवर होते. (शिक्षक, जत)

बहुधा नाही. एटीएक्स पद्धतीचा चांगला एसएमपीएस वीज तुटल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला त्याहून जास्त वेळ लागला की संगणक बंद पडणारच. बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे बटण असते, ते आधी यूपीएसवर करून पाहावे. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लहरींची वीज देणारा, असेल तर ॲक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारी जोडणी) असलेल्या एसएमपीएसशी त्याचे जुळेलच असे नाही, म्हणून संगणकाला वेगळा यूपीएस असावा. तो घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत करू नये. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. व्होल्टेजबाबत म्हणाल, तर लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस निवडावा, कारण काही मॉडेल फक्त २०० ते २४० वरच नीट चालतात. कृषिपंप सुरू झाल्यावर व्होल्टेज रोजच कोसळत असेल तर दोष घरातला की डीपीवरचा, हे वायरमनकडून तपासून महावितरणकडे लेखी तक्रार करावी.

प्रश्न : अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. चप्पल घालून बसले की काही होत नाही. काळजीचे आहे का? (फोटो स्टुडिओचालक, सांगली)

आहे, आणि चप्पल हा त्यावरचा उपाय नव्हे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते धातूच्या डब्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारी नगण्य वीज जमिनीत जाते, नसेल तर डबा सुमारे शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहतो आणि तुमचा हात लागला की ती वाट तुमच्यातून जाते. एरवी ती सौम्य असते, परंतु याच झिणझिण्यांमागे खरी गळतीही असू शकते, आणि केवळ स्पर्शावरून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. अशा संगणकाला चालू अवस्थेत एचडीएमआय वायरने टीव्ही किंवा यूएसबी वायरने प्रिंटर-स्कॅनर जोडल्याने पोर्ट जळण्याचाही धोका असतो. संगणक बंद करून प्लग काढावा आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. तिसरी पिन तोडलेला प्लग, टू-पिन कन्व्हर्टर, नळाच्या पाइपला बांधलेली तार आणि अर्थिंग न्यूट्रलला जोडण्याची युक्ती यांपैकी काहीही मान्य करू नये. अर्थिंगचा खड्डा जुना कोळसा-मिठाचा असेल तर उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, हेही त्यांना तपासायला सांगावे. सोबत आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घेण्याविषयी विचारावे.

प्रश्न : ‘आय७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी’ असा नवा संगणक सोळा हजारांत मिळतो आहे. घ्यावा का? (वाचक, कोरेगाव)

‘आय७’ हे नाव इंटेल २००८ पासून वापरते आहे, आणि दुकानदार नेमका पुढचा क्रमांक गाळतो. तो विचारला की बहुधा २६०० किंवा ३७७० असे उत्तर मिळते, म्हणजे २०११-१२ चा प्रोसेसर नव्या कॅबिनेटमध्ये बसवलेला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढील प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) ही अट ठेवली आहे, तर विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘आम्ही विंडोज ११ टाकून देतो’ या आश्वासनावर, विशेषतः बँकेचे व्यवहार करायचे असतील तर, मुळीच विसंबू नये. ग्राफिक्स कार्डही सोबत देत असतील तर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर तिथेच चालवून पाहावे. जुन्या कार्डाचे बायॉस, म्हणजे त्यातले मूळ सॉफ्टवेअर, बदलून त्याला नवे नाव देण्याचा धंदा जुनाच आहे.

प्रश्न : १६ जीबीची एक रॅम घ्यावी की ८ जीबीच्या दोन? (विद्यार्थिनी, वाई)

दोन घ्याव्यात, आणि त्या कोणत्या खाचांत बसवायच्या ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावे.

प्रश्न : ग्राफिक्स कार्डाचा १६ पिनांचा कनेक्टर वितळतो म्हणे. माझ्या आरटीएक्स ४०६० ची भीती वाटते. (वाचक, सातारा)

त्या तक्रारी २०२२ मध्ये प्रामुख्याने आरटीएक्स ४०९० बाबत आल्या, जे ४५० वॅटचे कार्ड आहे. तुमचे कार्ड ११५ वॅटचे आहे आणि बहुतेक मॉडेलना साधा ८ पिनांचा कनेक्टर असतो. तो पूर्ण आत बसला आहे ना, एवढे पाहावे.

प्रश्न : मॉड्युलर (वायरी सुट्या करता येणारा) एसएमपीएस बदलला आहे. जुन्या वायरी कॅबिनेटमध्ये बांधून ठेवलेल्या आहेत आणि नव्यालाही बसतात. त्याच ठेवल्या तर चालेल ना? (वाचक, मिरज)

बसतात म्हणून चालतील असे नाही. भागांच्या बाजूची पिनरचना ठरलेली असते, पण एसएमपीएसच्या बाजूला कोणतेही समान मानक नाही. कंपनी एकच असली तरी दोन मॉडेलमध्ये फरक असू शकतो. चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट आले की एसएसडी आणि हार्ड डिस्क क्षणात जातात. नव्या खोक्यातल्याच वायरी लावाव्यात. संगणक अद्याप सुरू केला नसेल तर एखाद्या तंत्रज्ञाकडून सर्व जोडण्या पाहून घ्याव्यात.

प्रश्न : २०२१ च्या पुरात भिजलेला संगणक माळ्यावर पडून आहे. आता पूर्ण वाळला आहे. एसएमपीएस उघडून, स्वच्छ करून वापरता येईल का? (वाचक, सांगलीवाडी)

नाही. एसएमपीएस घरी उघडू नये आणि पुराच्या गाळातून निघालेला तर पुन्हा जोडूही नये. वाळलेला गाळ ओल लागताच वीज वाहून नेतो. तो ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्यावा. हार्ड डिस्कमध्ये महत्त्वाचे काही असेल तर ती एकदाही चालू करून न पाहता तशीच डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी, आणि त्यासाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नये.