सिमेंटच्या आधी शाकारणी

प्रश्न : आमच्या वाडीच्या टोकाला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक लहान चर्च आहे. भोवतालची ख्रिस्ती कुटुंबं एकेक करून मुंबईला गेली, उरलेली माणसं हमरस्त्यावरच्या मोठ्या चर्चमध्ये जातात. आता वर्षातून एकदा सणाला दार उघडतं. गिलाव्याचे पोपडे सुटलेत, एका कोपऱ्यात पिंपळ आलाय. हिंदू-ख्रिस्ती सगळ्या वाडीने मिळून वर्गणी काढली आहे. पावसाआधी सिमेंटचा गिलावा, वर पत्रे आणि खाली टाइल्स असा बेत आहे. गवंडीही ठरलाय. ही वास्तू पोर्तुगीजांनी बांधली म्हणतात, ते खरं का? (एक वाचक, वेंगुर्ले तालुका)

उत्तर : आधी गवंड्याला फोन करून थांबायला सांगा, मग पुढचं वाचा.

तुमचा मुलूख आधी सावंतवाडीच्या सावंतांचा, मग इंग्रजांचा. पोर्तुगीजांचं राज्य वसईला होतं, चौल-रेवदंड्याला होतं. तुमच्या शेजारचा पेडणे तालुकाही त्यांच्याकडे अठराव्या शतकाच्या शेवटी गेला. सावंतवाडीकडे ख्रिस्ती वस्ती वाढली ती गोव्यातून येऊन राहिलेल्या कुटुंबांमुळे. त्यामुळे तुमचं चर्च परक्या सत्तेने नव्हे, तर तुमच्याच शेजाऱ्यांच्या पूर्वजांनी, इथल्या गवंड्यांच्या हातून उभं केलेलं असण्याचा संभव जास्त. मी पाहिलेल्या अशा कोपेलांमध्ये, म्हणजे लहान प्रार्थनाघरांमध्ये, जांभ्याचे चिरे तेच, चुना तोच, भिंतीतला दिव्याचा कोनाडासुद्धा शेजारच्या घरातल्यासारखाच असतो. वेगळी असते ती छपराच्या वर चढवलेली दर्शनी भिंत. तिच्या खांद्यांवरची वळणं चुन्यात हाताने काढलेली असतात. मला या लहान चर्चांचा फार लळा आहे, आणि तो मुख्यतः या वळणांमुळे.

काळ शोधायचा तर एक कौल उतरवून उलटं करा. मंगळुरी कौलांवर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं. बासेल मिशन या मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली काढला, म्हणजे असं छप्पर त्यानंतरचं. भिंती त्याहून जुन्या असू शकतात, आधी नळीची कौलं असू शकतात. त्यामुळे कौलावरून छपराचा काळ कळेल, चर्चचा नाही. त्यासाठी चर्चचे कागद बघावे लागतील.

कागदांवरून आठवलं, वापरात नसलेलं चर्च बेवारशी नसतं. ज्या धर्मग्रामाखाली (पॅरिशखाली) ते येतं तिथल्या फादरना भेटा आणि लेखी परवानगी घ्या. सिंधुदुर्ग २००५ पासून स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा प्रदेश, आहे, त्याआधी तो पुण्याच्या धर्मप्रांतात होता. तेव्हा जुन्या कागदांची चौकशी दोन्हीकडे करा. वास्तू संरक्षित यादीत आहे का, हे राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयात विचारा.

आता भिंत. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उघड्यावर वाळून टणक होतो, पण सच्छिद्र कायमच राहतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. चुन्याचा गिलावा त्या ओलीला बाहेर पडू देतो. सिमेंट ती अडवतं. मग आत कोंडलेलं पाणी, त्यात समुद्राच्या वाऱ्याने आणलेलं मीठ. पाणी सुकतं तिथे मिठाचे स्फटिक होतात आणि चिऱ्याचा दर्शनी थर आतून ढकलत राहतात. बाहेरून भिंत दोन-चार वर्षं नवीकोरी दिसते. मग एक दिवस सिमेंटचा पापुद्रा खाली येतो आणि त्याच्या पाठीला चिकटून चिऱ्याचा बोटभर थरही येतो. मागे हात फिरवला की लाल भुगा गळतो. अशी भिंत पुन्हा धरून ठेवणं फार कठीण आणि फार खर्चाचं. ऑइलपेंट आणि प्लास्टिक पेंटनेही हेच होतं, फक्त सावकाश.

जमिनीला टाइल्स बसवल्या की खालची ओल बाजूला सरकून भिंतीत चढते. तो खर्च वाचवा.

वर्गणीचे पैसे आधी छपराला लावा. पत्रे नकोत. कौलं उतरवा, फुटकी बदला, वासे आणि रिपा बघा, नीट शाकारून घ्या. वाशांची भिंतीत रुतलेली टोकं सुरीने टोचून पाहा. वाळवी आणि कूज तिथे सुरू होते. आणि जिथे छपराची पाखं दर्शनी भिंतीच्या पाठीला टेकतात, तिथे स्वतः शिडी लावून चढा. दोन्हींच्या सांध्यात हमखास फट असते. झडीचं पाणी त्या फटीतून थेट भिंतीच्या पोटात जातं, आणि खाली दाराच्या कमानीवर ओलीचा डाग दिसतो. माझा अंदाज आहे की तुमच्याकडेही तो असेल.

पिंपळ उपटू नका, मुळांबरोबर चिरे निखळतील. बुंधा कापा, मुळं मारा, पूर्ण सुकल्यावर फट चुन्याने भरा. पागोळ्यांचं पाणी पायाशी साठू नये म्हणून भोवती उताराचा चर काढा. पावसाआधी एवढंच झालं तरी पुष्कळ.

गिलावा दिवाळीनंतर. चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, आणून पावसाळाभर हौदात विरवत ठेवा. वाळू नदीची, गोड्या पाण्याने धुतलेली. समुद्राची मुळीच नको. सर्वसाधारण प्रमाण चुन्याच्या एका घमेल्याला तीन घमेली वाळू, पण आधी एका कोपऱ्यात करून बघा. गिलावा सावकाश सुकू द्या, वर ओलं गोणपाट धरा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला घाई चालत नाही. तुमच्या गवंड्याला चुन्याचं काम येत नसेल, तर ते येणारा एखादा म्हातारा गवंडी शोधा, त्याला खुर्चीवर बसवा आणि तरुणाला त्याच्या हाताखाली काम करू द्या. दोघांनाही मजुरी द्या.

प्रश्न : कोर्लई आणि रेवदंड्याला गेलो होतो. तिथली पडकी चर्चं काळ्या दगडाची, आमच्या रत्नागिरीकडची जांभ्याची. असं का? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : जवळ जो दगड तोच लावायचा, एवढंच कारण. रायगडच्या किनाऱ्यावर काळा पाषाण हाताशी, दक्षिणेकडे चिरेखाणी. रेवदंड्याचा सातखणी मनोरा तुम्ही पाहिला असेलच, तो फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा. ही दोन्ही ठाणी १७४० साली मराठ्यांकडे आली. पुन्हा गेलात तर कोर्लई गावातही थांबा. तिथली ख्रिस्ती माणसं पोर्तुगीजमधून घडलेली स्वतःची बोली आजही घरात बोलतात.

प्रश्न : बंद चर्चच्या जमिनीतला अक्षरं कोरलेला दगड उचलून ग्रामपंचायतीत सुरक्षित ठेवावा का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : उचलू नका. बहुधा तो थडग्यावरचा दगड आहे, खाली कुणी पुरलेलं असेल. वसई किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये असे दगड जमिनीतच आहेत. अक्षरं वाचायची तर खडू, रंग, ॲसिड काही लावू नका. मऊ कुंचल्याने माती झाडा, उन्हं तिरपी असताना किंवा अंधारात बाजूने बॅटरी धरून फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. एक प्रत फादरना द्या, एक मला पाठवा.