गावी राहायला आल्यावर बोलायला कोणी नाही, बदकं पाळून किंवा ऑनलाईन ग्रूपमधून खरंच सोबत मिळते का?

तुम्ही लिहिलंय की व्हीआरएस घेऊन गावच्या घरी आलात, मुलं बाहेर आहेत, आजूबाजूची घरं बंद, परसात जागा रिकामी आहे म्हणून चारदोन बदकं आणायचं मनात आहे, पण त्याने एकटेपणा जातो का आणि त्या ग्रूपवरच्या ओळखी खऱ्या असतात का. माझं उत्तर हो आहे. फक्त बदक मांडीवर येऊन बसेल, कुत्र्यासारखं मागे मागे करेल अशी अपेक्षा ठेवू नका, बहुतेक बदकांना उचललेलं आवडत नाही. सोबत मिळते ती दुसऱ्याच वाटेने. बदकं आली की आपलं माणसांवाचून अडायला लागतं, आणि हळूहळू माणसांचंही आपल्यावाचून अडायला लागतं, आणि माझ्या मते मैत्री तिथूनच सुरू होते.

आम्ही ठाण्याहून कुडाळ तालुक्यात ह्यांच्या मूळ घरी राहायला आलो. कोकणातल्या वाड्यांचं तुम्हाला माहीतच असेल, गणपती आणि मे महिना सोडला तर निम्म्याहून जास्त घरांना कुलूप, चाकरमानी मुंबईला आणि मागे राहिलेली माणसं वयस्कर. माणसं फार चांगली, पण बोलणं "जेवलंस गो?" आणि "पाऊस इलो" याच्या पुढे सरकेचना. मला आधी वाटायचं मला मालवणी नीट येत नाही म्हणून असेल, पण तसं नव्हतं हो, आमच्यात सामायिक विषयच नव्हता. बँकेतल्या गोष्टी मी त्यांना काय सांगणार आणि भाताच्या लावणीतलं मला काय कळणार.

मग पलीकडच्या वाडीतून खाकी कॅम्पबेलची पिल्लं मिळाली. ही जात मूळ इंग्लंडची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ग्लॉस्टरशायरमधल्या ॲडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी तयार केलेली, नीट खायला मिळालं तर वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात, पण अंड्यावर बसायचं नाव घेत नाहीत. आणि हीच गोष्ट माझ्या कामी आली, कारण पिल्लं काढायची तर खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार झालेली कोंबडी पाहिजे आणि ती होती शेजारच्या आजींकडे. अंडी माझी, कोंबडी त्यांची. कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांत निघतं, बदकाला २८ लागतात, तेवढा जास्तीचा आठवडा ती कोंबडी उठून जाऊ नये म्हणून आजी तिला तिथेच दाणापाणी देत होत्या आणि मी रोज दोनदा जाऊन बघत होते, आणि त्या बघण्यात तासभर कसा जायचा कळायचंच नाही. पिल्लं निघाली, थोडी मोठी झाली आणि एक दिवस सरळ व्हाळात म्हणजे ओढ्यात उतरली. कोंबडी काठावर नुसती धावतेय, पिसं फुलवून ओरडतेय, पाण्यात पाय घालून परत मागे येतेय आणि पिल्लं आपली मजेत डुंबतायत. आजी आणि मी दगडावर बसून बघत होतो आणि आजी म्हणाल्या, "आमचे पोरगे मुंबैक गेले तेव्हा माजा असाच झाला." त्या दिवशी त्या पहिल्यांदा आपल्या मुलांबद्दल बोलल्या, आणि मी पण बोलले. समोरासमोर खुर्च्या टाकून बसलो असतो तर दोघींच्याही तोंडून हे निघालं नसतं.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. बदकांना अंधार पडायच्या आत खुराड्यात घालावंच लागतं, एकही दिवस सुट्टी नाही. आमच्याकडे कोल्हा, मुंगूस, रानमांजर सगळं आहे. आता कोल्हापूरला लग्न होतं, मुक्काम करणं भाग होतं, बदकं कोण आत घालणार? आजी म्हणाल्या, "तू जा गो, मी घालतंय तेंका आत." आल्यावर बघते तर खुराड्याच्या दाराला त्यांनी आणखी एक कडी लावून घेतलेली. तेव्हापासून त्या पुढच्या दारातून येत नाहीत, सरळ परसातून आत येतात, चहा ठेवायला सांगतात. ठाण्यात इतकी वर्षं राहिले पण आमच्या मजल्यावर कोणी असं न विचारता आत आलं नव्हतं.

म्हणून छंद निवडताना माझं मत असं आहे की ज्यात रोज काहीतरी करावं लागतं आणि जे कधी ना कधी दुसऱ्यावर सोपवावं लागतं असाच छंद घ्या. वाचन छान आहे, मी पण करते, पण पुस्तकाला चार दिवस कोणी सांभाळावं लागत नाही.

मुलगा इंग्लंडमधे न्यूकॅसलला शिकायला होता, त्याने सांगितलं की तिथे शेजारच्या गेट्सहेडमधल्या ईक्वल आर्ट्स या संस्थेचा हेनपॉवर नावाचा उपक्रम आहे, वृद्धाश्रमांमधे कोंबड्या पाळतात आणि सांभाळतात ती तिथलीच वयस्कर माणसं. ती स्वतःला हेन्शनर (हेन म्हणजे कोंबडी आणि पेन्शनर मिळून) म्हणवतात आणि कोंबड्या घेऊन शाळांमधे जातात, मुलांना दाखवतात. मला हे ऐकून फार बरं वाटलं, कारण नेहमी म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायची एवढंच बोललं जातं, त्यांनाही कोणाची तरी काळजी घ्यायची असते हे कोणी धरतच नाही.

आता ऑनलाईनचं. हो, ओळखी खऱ्या होतात, पण सगळ्या ग्रूपमधे नाही. जिथे दिवसभर गुड मॉर्निंग आणि फॉरवर्ड चालतात तिथे हजार माणसं असली तरी कोणी कोणाचं नसतं. जिथे माणसं अडलेले प्रश्न विचारतात आणि दुसरी माणसं वेळ काढून उत्तरं देतात तिथे राहा, आणि आधी महिनाभर नुसतं वाचा, मग ज्याचं उत्तर तुम्हाला नक्की येतं तिथे उत्तर द्या. मी ज्या ग्रूपवर आहे तिथे सोलापूरकडच्या एका मुलाने व्हिडिओ टाकला होता, पिल्लं लंगडतायत, पाय वाकलेत, दोन तर उभीच राहत नाहीत, आणि खाली सगळे "देवा वाचव" लिहीत होते. मी विचारलं खायला काय देतोस, तर कोंबडीच्या पिल्लांचं तयार खाद्य. बदकाच्या पिल्लांना नायसिन म्हणजे ब जीवनसत्त्वातला एक प्रकार कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जवळपास दुप्पट लागतो, तो कमी पडला की पाय असे होतात, बरेच जण म्हणून खाद्यात यीस्ट पावडर मिसळतात. त्याला म्हटलं हे सगळं डॉक्टरांना दाखव आणि प्रमाण त्यांना विचारूनच दे. पुढच्या आठवड्यात त्याने पिल्लं चालतानाचा व्हिडिओ टाकला, एक गेलं पण बाकीची उभी राहिली. आता तो मला मावशी म्हणतो, त्याच्या आईशी माझं फोनवर बोलणं असतं, ज्वारीचं पीठ पाठवते ती आणि मी इथून कोकम पाठवते. बघा, बोलणं सुरू झालं पिल्लाच्या पायावरून आणि हल्ली पंधरा पंधरा दिवस बदकांचा विषयही निघत नाही.

केरळातले एक गृहस्थ पण आहेत तिथे, कुट्टनाडचे. तिकडे चारा आणि चेंबल्ली या बदकांच्या जाती, भात कापून झालं की हजारोंचे कळप शेतात चरायला नेतात, मागे माणूस काठी घेऊन चालतोय आणि पुढे सगळं शेत हलतंय असे व्हिडिओ ते टाकतात. त्यांचं हिंदी मोडकं, माझं इंग्रजी तसंच, पण ओणमच्या दिवशी त्यांचा फोन येतोच.

एक सावधगिरी मात्र बाळगा, ग्रूपवर कोणी "उत्तम जातीची पिल्लं पाठवतो, आधी पैसे टाका" म्हणालं तर टाकू नका, डोळ्यांनी बघून घ्या. आणि ओळख महिने दोन महिने मुरल्याशिवाय घरचा पत्ता, बँकेचं काही सांगत बसू नका.

बदकं नकोच वाटली तर पक्षी बघा, त्यातही माणसं मिळतात. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, १९९८ साली अमेरिकेत सुरू झाला, परसात किंवा गच्चीवर निदान पंधरा मिनिटं उभं राहून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाईटवर भरायचे. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. माझी बदकं बघता बघता मला तळ्यावरची अडई आणि हळदी-कुंकू बदक ओळखता यायला लागली आणि त्यातून इथल्या शाळेतल्या एका बाईंची ओळख झाली, आता त्या मुलांना घेऊन आमच्या परसात येतात. मुलांना मी नेहमी एक सांगते, अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९९ मधे दाखवलं होतं की बदकं ओळीने झोपली की कडेची बदकं बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपतात, मधली मात्र बहुतेक दोन्ही डोळे मिटून. मुलं मग तास तास हलत नाहीत, कोणाचा कुठला डोळा उघडा आहे ते बघत बसतात, आणि मला विचारतात उद्या कडेला कोण झोपणार.

आता खरंच आणणार असाल तर थोडं कामाचं. एकटं बदक कधीच आणू नका, ते झुरतं, निदान तीन चार तरी असू देत, आणि नर एक आणि माद्या चार पाच असं ठेवा नाहीतर नर माद्यांना फार त्रास देतात. शेपटीवर वर वळलेलं पीस दिसलं की तो नर, आणि मोठ्याने क्वॅक क्वॅक करते ती मादी, नराचा आवाज बसलेला असतो. तळं लागत नाही, पण नाकडोळे बुडतील एवढं खोल पाण्याचं घमेलं पाहिजेच आणि ते रोज बदलायचं, कारण तासाभरात ती त्याचा चिखल करतात. मशीनमधे काढलेली लहान पिल्लं लगेच पाण्यात सोडू नका, त्यांच्या अंगाला आईचं तेल लागलेलं नसतं, भिजून गारठतात. पाव घालू नका. खुराड्याला कोंबडीची पातळ जाळी चालत नाही, कोल्हाकुत्रा ती फाडतो, वेल्ड मेश म्हणजे जोड दिलेल्या जाड तारांची जाळी घ्या. डक प्लेग या बदकांच्या रोगाची लस असते, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, पिल्लं जवळपास कोणाकडे मिळतील हेही तिथेच कळेल. नीट ठेवली तर आठ दहा वर्षं जगतात, तेव्हा तेवढा विचार करून आणा. आणि आणायच्या आधी शेजारी एक चक्कर मारून विचारून ठेवा की मी कधी बाहेर गेलो तर दार लावाल का.

पिल्लं आणलीत की इथे कमेंटमधे फोटो टाका, पाय नीट दिसतील असा, आणि खायला काय देताय ते पण लिहा.