केनियातल्या वजीर गावच्या बायकांनी आधी बाजार उघडला

प्रश्न : ताई, आफ्रिकेतली भांडणं म्हटलं की बातम्यांत कायम युएनचे सैनिक नाहीतर परदेशी एनजीओच दिसतात. तिथल्या लोकांनी स्वतः कुठे शांतता आणलीय का? आणि मग सरकारचं काय काम उरतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आणलीय की! मला लगेच केनियातलं वजीर आठवतं. सोमालियाच्या सीमेवरचा कोरडा मुलूख, उंट-गुरांवर जगणारी माणसं. १९९१ मध्ये सोमालियातलं सरकारच कोसळलं, तिकडून बंदुका आल्या, वर दुष्काळ, मग पाणी आणि चराईवरून देगोदिया, अजुरान, ओगादेन या कुळांत खूनखराबा सुरू झाला. पोलिसांकडे जावं तर १९८४ चं वागाल्ला कुणी विसरलं नव्हतं, तिथल्या धावपट्टीवर सरकारी फौजेनेच देगोदिया पुरुषांना गोळा करून मारलं होतं, विश्वास ठेवणार तरी कसा?

सुरुवात केली बायकांनी. भांडण बाजारातही शिरलं होतं, एका कुळाची बाई दुसरीला माल विकेना. डेखा इब्राहिम अब्दी आणि तिच्या सोबतच्या वेगवेगळ्या कुळांतल्या बायकांनी ठरवलं की बाजारात कुणीही कुणाकडूनही घ्यायचं, कुणी अडवलं तर तक्रार करायची, आणि लक्ष ठेवायला बायकांचीच कमिटी. मग त्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या आणि बोलणी पुढे न्यायला माणूस निवडला तो सगळ्यात छोट्या कुळातला. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण मोठ्या कुळातल्या कुणी बैठक बोलावली असती तर बाकीचे आलेच नसते. १९९३ मध्ये कुळांच्या वडीलधाऱ्यांचा शांततेसाठी अल फतह करार झाला.

सरकारला त्यांनी बाहेर ठेवलं नाही हे महत्त्वाचं. या सगळ्या कामातून एक शांतता समिती उभी राहिली, १९९५ मध्ये ती जिल्ह्याच्या विकास समितीलाच जोडली गेली आणि पुढे केनियात ठिकठिकाणी अशा समित्या निघाल्या. डेखाला २००७ मध्ये राइट लाइवलीहुड पुरस्कार मिळाला, ज्याला ‘पर्यायी नोबेल’ म्हणतात.

पण एक गोष्ट मला खटकते आणि ती सांगायलाच हवी. त्याच भागातल्या कुळांच्या २००१ च्या मोडोगाशे करारात खुनाची भरपाई ठरली, पुरुष मेला तर १०० उंट, बाई मेली तर ५०. जिथे शांतता बायकांनी सुरू केली तिथेच बाईचा जीव अर्धा? शिवाय खुनाचा खटला कोर्टात चालायला हवा, उंट देऊन तो मिटवता कसा येईल? २०१० च्या केनियन घटनेत परंपरागत पद्धतीने तंटे मिटवायला मान्यता आहे, फक्त त्या पद्धती मूलभूत हक्कांच्या विरोधात जाता कामा नयेत अशी अट आहे. तुम्ही विचारलंत ना सरकारचं काय काम उरतं, तर ही अट पाळायला लावणं हे सगळ्यात मोठं काम आहे, कारण ते एकट्या गावाला जमणारं नाही.