दूध आटलंय, असं वाटतंय?

बाळ पाच आठवड्यांचं. स्तनपानाचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेली त्याची आई बसता बसताच म्हणाली, "माझं दूध आटलंय बहुतेक." कारणंही तयार होती: छाती पहिल्यासारखी भरून येत नाही, पंपाने जेमतेम 30 मिली निघतं आणि संध्याकाळी बाळ अंगावरून सुटतच नाही. म्हणून चार दिवसांपासून रात्री पावडरच्या दुधाची एक बाटली सुरू केलेली. "ती प्यायला की गाढ झोपतो. म्हणजे इतके दिवस उपाशीच होता ना?"

मी आधी लंगोटांचं विचारलं. दिवसाला सात-आठ ओले, बाटली सुरू होण्याआधीही तेवढेच. जन्माच्या वेळचं वजन दुसऱ्या आठवड्यात भरून निघालेलं, पुढे दर आठवड्याला दीड-दोनशे ग्रॅमची भर. उपाशी बाळाचं वजन असं वाढत नाही.

मग पाजायला बसवलं. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड, चोखताना गालाला खळ्या. आई ओठ दाबून दुखणं सोसत होती. त्याला सोडवलं, पोटाला पोट लावून आडवं धरलं, नाक बोंडासमोर आणलं आणि त्याने मोठा आ केल्यावरच जवळ घेतलं. हनुवटी स्तनात रुतली, भोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात गेला. थोड्या वेळाने गिळल्याचा आवाज आला. "आता दुखत नाही," ती चकित होऊन म्हणाली.

छाती मऊ पडते ती शरीराला बाळाच्या गरजेचा अंदाज आला म्हणून. पंपावरून दुधाचा हिशेब करूच नये. बाळ पंपापेक्षा जास्त ओढतं. संध्याकाळी सारखं पिणं या वयात नेहमीचंच. पावडरचं दूध पचायला वेळ लागतो, त्यामुळे झोप लांबते. खरी अडचण त्या बाटलीचीच होती. स्तन जितका रिकामा होतो तितकं दूध बनतं, आणि दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्रीच जास्त असतं. नेमकं रात्रीचंच पाजणं चुकत होतं.

लंगोट सहापेक्षा कमी ओले होत असते किंवा वजन अडलं असतं, तर मी तिला आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं आणि बाटली बंद करायला मुळीच सांगितलं नसतं.

पुढच्या भेटीत बाटली सुटली होती, वजन चढलं होतं. संध्याकाळचा धिंगाणा मात्र तसाच. तो अजून काही आठवडे चालेल, तेव्हा त्या वेळेला घरातल्या कुणीतरी स्वयंपाक हातात घ्या, एवढं तिच्या नवऱ्याला सांगितलं.